एका कार्डाची फट

सकाळचा दुसरा चहा झाला की भाऊजी शंका वाचून दाखवत.

भाऊजी म्हणजे टाचणीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन उद्योग अंगावर घेतले होते. मेहुणीला तपासकामात सोबत करायची, आणि उरलेला वेळ 'चिल्लर शंका' नावाच्या ऑनलाइन गटावर पडीक राहायचं. पहिल्यात त्यांना फारशी गती नव्हती. दुसऱ्यात मात्र त्यांनी नाव काढलं होतं.

टाचणी हे नाव शाळेत पडलेलं. अंगाने तशीच बारीक आणि प्रश्न तसेच टोचणारे. दारावरच्या पाटीवर नुसतं 'खाजगी तपास' लिहिलेलं होतं, आणि येणाऱ्याला तेवढं पुरत होतं.

"कुलुपाला किल्लीच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक भोक का असतं," भाऊजी वाचत होते. "दोनशे उत्तरं आलीत. एक जण म्हणतो, चोराच्या सोयीसाठी."

"आत गेलेलं पाणी निथळायला. तेलही तिथूनच सोडतात," टाचणी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली.

"आणि शर्टाचं शेवटचं काज आडवं का असतं?"

"ओढाताण झाली तरी बटण निसटू नये म्हणून."

"तुला सगळं ठाऊक असतं, पण लिहायचा कंटाळा. मी लिहितो. महिन्यापूर्वी कुणीतरी नाव न सांगता विचारलं होतं, मापाच्या टेपच्या टोकाचं हूक डुगडुगतं का. माझ्या उत्तराला साठ अंगठे मिळाले."

"काय लिहिलं होतंत?"

तेवढ्यात बेल वाजली आणि साठ अंगठ्यांची गोष्ट तिथेच राहिली.

आलेली बाई पस्तिशीची होती. खुर्चीवर बसली, टेबलावर हात ठेवला, टेबल डुगडुगलं. तिने आपलं काम सांगायच्या आधी पर्समधला एक कागद काढला, चार घड्या घातल्या आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सारला.

"माफ करा. हलणारं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात," ती म्हणाली. "मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून. कवळी केसभर हलली तरी माणसाचं जेवण तुटतं."

भाऊजींनी तिला नीट बघायला चष्मा सावरला आणि त्याची दांडी खाली लोंबली. ती गेले आठ दिवस लोंबत होती. बाईंना राहवलं नाही. पर्समधून दोन चिमुकल्या बाटल्या निघाल्या, चिमूटभर पावडर एका थेंबात कालवली गेली आणि दांडीच्या सांध्यावर हिरडीच्या रंगाचा गुलाबी ठिपका बसला. पाच मिनिटांत दांडी दगडासारखी घट्ट झाली. चष्मा आता मिटता येणार नव्हता, पण भाऊजी खूश होते.

"आता सांगा," टाचणी म्हणाली.

"माझे बाबा सुतार आहेत. नाक्यापलीकडे त्यांचा कारखाना आहे. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात."

"'एका कार्डाची फट'वाले मिस्त्री?" भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीही वाचलंय."

वाचलं नव्हतं असा माणूस त्या भागात शोधावा लागला असता. मिस्त्रींच्या कामाची ख्याती अशी होती की त्यांनी कोनाड्यात बसवलेल्या फळीच्या टोकाशी कागदसुद्धा सरकत नसे. दोन आठवड्यांपूर्वी एका शिक्षिकेने 'चिल्लर शंका'वर फोटो टाकला: नवी फळी, भिंत, आणि दोहोंच्या मध्ये आरामात उभं राहिलेलं बँकेचं कार्ड. खाली प्रश्न होता, असं का झालं असेल? दुसऱ्या दिवशी आणखी दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या फळ्यांमध्ये कार्ड घालून फोटो टाकले. मग काय विचारता. कुणी म्हणालं लाकूड ओलं होतं, कुणी म्हणालं भिंती सरकतायत, कुणी म्हणालं मिस्त्रींचे हात थरथरतात. ज्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता त्यांनी पानभर लिहिलं.

"बाबांनी ते सगळं वाचलं," बाई म्हणाल्या. "उद्या रविवारी सकाळी ते आपली हत्यारं वाटून टाकणार आहेत. म्हणतात, डोळे गेले, आता थांबायला हवं. डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत. पण ते ऐकत नाहीत. पंचावन्न वर्षं हातात रंधा धरलाय त्यांनी. तो खाली ठेवला तर ते चार दिवस नीट जगायचे नाहीत, मला माहीत आहे."

"तुम्हाला संशय कुणाचा?"

"दोघांचा. बाबांच्या हाताखाली पंधरा वर्षं काम करणारा कारागीर आहे. त्याच्या फळ्या अगदी चपखल बसतात, बाबांच्याच तेवढ्या चुकतात. कारखाना त्याच्याकडेच जाणार. आणि दुसरा माझा काका. शेजारीच त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला गोदामाला जागा हवीय. कुणीतरी रात्रीतून फळ्या तासतं, मला खात्री आहे."

"हे सुरू कधी झालं?"

"महिन्याभरापूर्वी. बाबांना सत्तर पूर्ण झाली. त्या दिवशी मी त्यांची सगळी हत्यारं घरी नेऊन घासूनपुसून, तेल घालून दिली. किती हरखले होते. आणि त्याच आठवड्यापासून हे."

टाचणीने बोटाने टेबल दाबून पाहिलं. ते आता हलत नव्हतं.

"चला, भाऊजी. आधी फट बघू."

शिक्षिका दारातच ओशाळल्या. "मला त्यांना हिणवायचं नव्हतं हो. मला खरंच कुतूहल होतं. त्यांचं काम असं कधी होत नाही म्हणूनच विचारलं."

"कुतूहल वाईट नसतं. मला फळ्या दाखवा."

बैठकीच्या भिंतीत दोन कोनाडे होते, एक लांब आणि एक त्याच्या निम्म्याहून कमी. टाचणीने शिक्षिकांकडून शाळेची लाकडी मीटरपट्टी मागून घेतली. फळ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि कोनाडे आतून मोजले. लांब कोनाडा आठशे चौऱ्याण्णव मिलिमीटर भरला, छोटा चारशे बारा. भाऊजींनी टिपून घेतलं. फळ्या परत बसवल्यावर तिने भाऊजींचं बँकेचं कार्ड मागितलं. लांब फळीच्या टोकाला कार्ड गेलं. दुसरं कार्ड सोबत जात नव्हतं. छोट्या फळीलाही तसंच.

"दोन्हीकडे सारखीच फट," भाऊजी म्हणाले. "म्हणजे कुणीतरी बेतून तासलंय. बाई म्हणते ते बरोबर आहे."

टाचणी ज्या स्टुलावर बसली होती त्याच्याकडे बघत होती. "हे स्टूल कुणी केलं?"

"त्यांनीच. मागच्याच आठवड्यात, फळ्यांनंतर," शिक्षिका म्हणाल्या. "ते बघा ना कसं आहे. सांध्यात नखसुद्धा जात नाही."

टाचणीने सगळ्या सांध्यांवर नख फिरवून पाहिलं. खरंच जात नव्हतं.

काका हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या तोट्या मांडत होते. पुतणीने आपल्यावर संशय घेतलाय हे ऐकून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"जागा मागितली होती, नाही कशाला म्हणू. दादा थांबेल तेव्हा दे, असं म्हणालो होतो. त्याला थांबवायला मी फळ्या तासू? मला करवत धरता येत नाही, बाई. सुताराच्या घरात जन्मून खिळे विकतो, यावरून समजा."

"कारखान्याची किल्ली तुमच्याकडे असते?"

"असते. पण आत जाऊन मी काय दिवे लावणार?"

कारखान्यात भुशाचा वास होता. कारागीर चाळिशीचा, अबोल माणूस. तो एका दाराची चौकट मोजत होता. त्याच्या हातात टेप नव्हती, घडीची लाकडी पट्टी होती.

"टेप वापरत नाही?" टाचणीने विचारलं.

"माझ्या वडिलांची पट्टी आहे. हिचीच सवय."

"मिस्त्री गेले तर कारखाना तुमचा होईल म्हणतात."

त्याने पट्टीची घडी घातली. "उद्या मला त्यांचा मोठा रंधा मिळणार आहे. चिठ्ठी लावून ठेवलीय त्यांनी. मी आठ दिवस नीट जेवलेलो नाही. तुम्हाला वाटतं मला तो हवाय?"

"त्यांच्या फळ्या कापतं कोण?"

"तेच. मोजायला जातात तेही एकटेच. माप वहीत लिहितात आणि इथे येऊन कापतात. त्यांच्या कामाला मी हात लावत नाही. त्यांना आवडत नाही."

मिस्त्री मागच्या बाजूला हत्यारं मांडून बसले होते. रंधे, पटाश्या, करवती, प्रत्येक हत्याराला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी. टाचणीने नमस्कार केला. त्यांनी मान वर केली नाही. ती पुन्हा मोठ्याने बोलली तेव्हा त्यांनी डावा कान पुढे केला.

"जरा जोरात बोला. करवतीच्या यंत्राने कान खाल्ले. पण कानाने कुठे मोजायचं असतं? डोळे हवे. ते गेले."

"तुमची वही बघू?"

त्यांनी वही दिली. शिक्षिकांच्या नावाखाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात दोनच आकडे होते: ८९३, ४११.

"आणि टेप?"

टेप त्यांच्या कमरेलाच होती. तीस वर्षांची जुनी, पण नव्यासारखी दिसत होती. हुकाच्या रिबिटांजवळ एक गुलाबी ठिपका सोडला तर डाग म्हणून नव्हता. टाचणीने हुकावरून अंगठा फिरवला आणि टेप परत केली.

"चकचकीत आहे."

"लेकीने पुसून दिलीय," मिस्त्री म्हणाले, आणि सबंध भेटीत तेवढ्यापुरते हसले.

घरी येताना भाऊजींनी आपला निष्कर्ष मांडला. कारागीर पोचलेला आहे, न जेवल्याचं नाटक करतो. टाचणी ऐकून घेत राहिली. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या गटावरची ती टेपच्या हुकाची शंका मला शोधून द्या. सगळ्या उत्तरांसकट."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुम्हाला साठ अंगठे कसे मिळाले ते मला बघायचंय."

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे कारखान्यात जमले. लेक, काका, कारागीर, आणि टाचणीच्या सांगण्यावरून शिक्षिकाही. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली, तोच टाचणी मोठ्याने म्हणाली, "मिस्त्री, दहा मिनिटं थांबा. नंतर वाटायचं असेल तर वाटा."

तिने एक जुनी लाकडी पेटी मध्ये ठेवली.

"गटावर तीन कारणं चालली होती. लाकूड, डोळे आणि घातपात. लाकूड आक्रसलं असतं तर लांब फळीची फट मोठी आणि छोटीची लहान दिसली असती. दोन्हीकडे फट सारखी आहे. डोळे चुकत असते तर फळी कधी आखूड झाली असती, कधी लांब होऊन आत गेलीच नसती. इथे प्रत्येक फळी आखूड आहे, आणि तेही एकाच कार्डाइतकी. माणसाचे डोळे इतके शिस्तीत चुकत नाहीत."

"म्हणजे तासलंच," लेक म्हणाली.

"मलाही तसं वाटलं असतं. पण शिक्षिकांचा लांब कोनाडा आठशे चौऱ्याण्णव आहे आणि मिस्त्रींच्या वहीत आठशे त्र्याण्णव आहे. छोटा चारशे बारा, वहीत चारशे अकरा. चूक वहीतच आहे, म्हणजे फळी कापायच्या आधी झालेली आहे. तिथे मिस्त्री एकटे होते. कारागीर नव्हते, काका नव्हते. रात्रीतून कुणी काही तासलेलं नाही."

कारागिराने खाली पाहिलं. काकांनी मोठा श्वास सोडला.

"मग मीच," मिस्त्री म्हणाले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "मी तेच सांगतोय सगळ्यांना."

"स्टूल कसं बरोबर आलं मग? फळ्यांच्या नंतर केलंत, आणि सांध्यात नख जात नाही. ही पेटी मोजा. आधी बाहेरून."

मिस्त्रींनी हूक पेटीच्या कडेला अडकवलं आणि टेप ओढली. पाचशे चाळीस. कारागिराने आपली घडीची पट्टी लावली. पाचशे चाळीस.

"आता आतून."

मिस्त्रींनी हूक आतल्या भिंतीला टेकवलं. "पाचशे सतरा."

कारागिराने पट्टी लावली. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. "पाचशे अठरा."

मिस्त्री टेपकडे बघत राहिले.

"एक मिलिमीटर," टाचणी म्हणाली. "लांब मोजा की आखूड, चूक तेवढीच. म्हणजे चूक टेपच्या लांबीत नाही, सुरुवातीला आहे. हूक बाहेरून अडकवता तेव्हा माप हुकाच्या आतल्या बाजूपासून सुरू होतं. आत टेकवता तेव्हा बाहेरच्या बाजूपासून सुरू व्हायला हवं. मध्ये हुकाच्या पत्र्याची जाडी आहे. म्हणून ते हूक मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. अडकवलं की जाडीइतकं पुढे येतं, टेकवलं की तेवढंच मागे जातं. स्टुलाला आतून मोजावं लागत नाही, म्हणून ते बरोबर आलं."

"आणि माझं जात नाही," मिस्त्री पुटपुटले. त्यांनी अंगठ्याने हूक ढकललं. ते हललं नाही.

"तुम्हाला त्याचा खटका ऐकू आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कान साथ देत नाहीत, आणि खोट तुम्ही डोळ्यांत शोधत बसलात."

"पण ते घट्ट केलं कुणी?" काका म्हणाले.

टाचणीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींचा चष्मा नाकावर घट्ट बसला होता आणि दांडीच्या सांध्यावरचा गुलाबी ठिपका उजेडात स्पष्ट दिसत होता. तिने टेप उचलून त्या ठिपक्याशेजारी धरली. रंग तोच होता.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते हलत होतं," ती म्हणाली. "घासताना हातात डुगडुगत होतं. मला वाटलं, रिबिटं झिजली. बाबांचं माप चुकेल. मी विचारलंसुद्धा. नाव न देता त्या गटावर विचारलं, की याने माप चुकत असेल ना. सगळे म्हणाले, बसवून टाका."

"सगळे नाही," टाचणी म्हणाली. "एकाने लिहिलं होतं, हात लावू नका, ते सैलच हवं. त्याला एकही अंगठा मिळाला नाही. तो एकशे सहाव्या नंबरवर आहे. सगळ्यात वर जे उत्तर होतं ते असं: कंपनीची बेपर्वाई आहे, चांगल्या गोंदाचा थेंब टाकून पक्कं करा, जन्मभर त्रास नाही."

भाऊजींनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. "ते मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "मी टेप कधी हातात धरलेली नाही. उत्तर सोपं वाटलं म्हणून लिहिलं. मिस्त्री, मी तुमची माफी मागतो."

मिस्त्रींचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सगळ्यात बारीक पटाशी उचलली, तिची चिठ्ठी तोडून टाकली आणि हुकाच्या फटीतलं गुलाबी खरवडू लागले. कण कण निघत गेला. शेवटी हूक सुटलं. त्यांनी ते दोनदा मागेपुढे केलं. खटका बाकी सगळ्यांना ऐकू आला, त्यांना तो अंगठ्याला जाणवला असावा, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग कुणाला काही न विचारता त्यांनी पेटी आतून मोजली, लाकडाची एक पट्टी काढली, हूक अडकवून खूण केली आणि करवत चालवली. रंध्याचा एकच हात दिला. पट्टी पेटीत उभी करून वरून मुठीने दाबली. ती हळूच, कुरकुरत खाली गेली.

भाऊजींनी न सांगता कार्ड काढलं आणि टोकाशी लावून पाहिलं. कार्ड वाकलं, पण आत गेलं नाही. शिक्षिकांनी फोटो काढायला मोबाइल वर केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली घेतला.

लेक तिथेच भुशात बसली होती. रडत होती हे उघड होतं, लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"बाबा, महिनाभर तुम्ही स्वतःला बोल लावलात. डॉक्टरांकडे गेलात, लाकूड बदललंत, शेवटी डोळ्यांवर ठपका ठेवलात. एकदाही टेपवर शंका कशी नाही घेतलीत?"

मिस्त्रींनी डावा कान पुढे केला. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"टेप तू पुसून दिली होतीस ना," ते म्हणाले. "तिच्यावर कशी शंका घेणार?"

त्यांनी तिला हात देऊन उठवलं. मग ते टेबलापाशी गेले आणि एकेक चिठ्ठी दोऱ्यासकट सोडवायला लागले. मोठ्या रंध्यापाशी थांबले, त्याच्यावरची चिठ्ठी वाचली आणि तेवढी तशीच ठेवली.

"हा तुझ्याकडेच राहू दे," ते कारागिराला म्हणाले. "मला लागला की मागून घेईन. उद्या शिक्षिकाबाईंच्या दोन फळ्या आहेत. मोजायला तूही चल."